गडी इकडचा, संघ तिकडचा

२०२३ सालची दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत विश्वचषकाचा अंतिम सामना आपण हरलो होतो आणि घराघरांतली सुतकी कळा अजून गेली नव्हती. त्यातच २६ तारखेच्या संध्याकाळी बातमी आली की गुजरात टायटन्सने हार्दिक पांड्याला आपल्याकडेच ठेवले आहे. माणसे झोपायच्या आत दुसरी बातमी आली की ठेवलेले नाही, तो मुंबई इंडियन्सकडे जातो आहे. दुसऱ्या दिवशी हा ट्रेड अधिकृतपणे जाहीर झाला. बदल्यात खेळाडू दिला नाही, सगळा व्यवहार रोख. हार्दिकचे मानधन १५ कोटी. तेवढी जागा व्हावी म्हणून मुंबईने आपला कॅमेरॉन ग्रीन साडेसतरा कोटींना बंगळूरच्या संघाला देऊन टाकला. पुढे १५ डिसेंबरला मुंबईने आणखी एक गोष्ट जाहीर केली : कर्णधारही हार्दिकच. २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे मिळवून देणारा रोहित शर्मा आता त्याच्या हाताखाली खेळणार.

यावर देशभर वाद झाले तसे आदिलाबादेतही झाले. चहाच्या टपरीवर झाले, लग्नाच्या पंगतीत झाले, आणि पुढच्या वर्षी मंडपात आरतीनंतर खुर्च्या गोल करून झाले ते तर विसर्जनापर्यंत पुरले. फरक इतकाच की मुंबईच्या माणसाला ‘मुंबई आमची’ हे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. आपल्याला लागते. चार पिढ्या आपण इथे राहतो. मुले शाळेत तेलुगू शिकली, नोकऱ्या हैदराबादला करतात, आणि आयपीएल लागली की निम्मे घर निळ्या बाजूला आणि निम्मे केशरी बाजूला बसते. आमच्या ओळखीच्या एका घरात आजोबा मुंबईचे, नातू सनरायझर्सचा आणि सूनबाई विशाखापट्टणमकडच्या म्हणून रोहितच्या, मग तो कुठेही खेळो. पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्याचे असेच होणार. आपल्या स्टेशनातून मुंबईची नंदिग्राम एक्स्प्रेसही मिळते आणि तिरुपतीची कृष्णा एक्स्प्रेसही. नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर, हैदराबाद सुमारे तीनशे. आपला संघ कोणता, याचे उत्तर अंतराने द्यायचे म्हटले तर भलतेच येईल.

हा वाद नवा असला तरी खेळाडूंची देवघेव आपल्या मुलखात जुनीच आहे, आणि तिच्यात मराठी-तेलुगू धागा पहिल्यापासून आहे. त्याची सुरुवात कोत्तारी कनकय्या नायडूंपासून करावी लागते. सी. के. नायडू हे भारताचे पहिले कसोटी कर्णधार. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर त्यांनी संघ उतरवला. घरात तेलुगू बोलणारे हे कुटुंब नागपुरात स्थायिक झालेले होते. सीकेंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचाच. म्हणजे आपण मराठी माणसे तेलंगणात जसे आहोत, तसेच ते मराठी मुलखातले तेलुगू. त्यांचे क्रिकेट नागपूरच्या मैदानांवर घडले. १९१६ साली ते मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून उतरले आणि पहिली धाव त्यांनी षटकारानेच काढली, असे सांगतात.

१९२३ साली इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना बोलावून घेतले. नायडू नागपूर सोडून इंदूरला गेले, होळकरांच्या फौजेत त्यांना अधिकारपद मिळाले आणि जन्मभर चिकटलेली ‘कर्नल’ ही पदवी तिथूनच आली. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखान्यावर आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी ११ षटकार मारून १५३ धावा केल्या, तेव्हा ते नागपूरचे राहिले नव्हते, इंदूरचे झाले होते. नागपूरकरांना याचे काय वाटले, हे कुणी विचारले असेल असे वाटत नाही. राजाने गुणी माणूस नेला, पगार दिला, मान दिला. त्यात तक्रार कसली? गवई एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जात, तसेच हे.

होळकरांचा संघ पुढे असा जमला की मूळचा इंदूरचा कोण, हे शोधावे लागे. मुश्ताक अली इंदूरचे. चंदू सरवटे सागरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. १९४४–४५ च्या रणजी अंतिम सामन्यात तर मुंबईविरुद्ध होळकरांकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला. महायुद्धामुळे तो फौजेबरोबर महूला होता. त्याने नाबाद २४९ धावा केल्या, तरी होळकर ३७४ धावांनी हरले. आज आपण परदेशी खेळाडू विकत घेतला म्हणून नाके मुरडतो. आपल्या आजोबांच्या काळात हे होऊन गेलेले आहे. होळकरांनी एकूण चार वेळा रणजी करंडक जिंकला. आपल्या हैदराबादेतही तेच चालले होते. १९३०–३१ पासून मोईनुद्दौला सुवर्णचषक सुरू झाला आणि त्यासाठी नबाब, महाराजकुमार आपापले संघ जमवू लागले. वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाईनही त्यासाठी येऊन खेळला.

पण या जुन्या देवघेवीत आम्हाला सगळ्यांत बोचते ती विजय हजाऱ्यांची गोष्ट. हजारे सांगलीचे. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राचा संघ तेव्हा भरात होता. १९३९–४० च्या हंगामात पुण्यात हजाऱ्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या, आणि त्या बडोद्याविरुद्ध. महाराष्ट्राने त्या वर्षी रणजी करंडक जिंकला, पुढच्या वर्षी १९४०–४१ लाही जिंकला. त्यानंतर हजारे बडोद्याला गेले. ज्या संघाची गोलंदाजी त्यांनी चोपून काढली, त्याच संघाचे ते आधारस्तंभ झाले. मार्च १९४७ मध्ये बडोद्यात होळकरांविरुद्ध अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. करंडक बडोद्याला. महाराष्ट्राच्या संघाने १९४०–४१ नंतर आजतागायत रणजी करंडक जिंकलेला नाही. हे सारे एका माणसाच्या जाण्याने झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीपण पुण्याच्या एखाद्या जुन्या रसिकाने ते म्हटले तर आम्ही त्याच्याशी भांडणार नाही.

हजाऱ्यांना कुणी गद्दार म्हटले नाही. पगारी क्रिकेट तेव्हा नव्हतेच. खेळाडूला पोट भरायचे तर संस्थानिकाची, नाहीतर एखाद्या कंपनीची नोकरी हवी. खेळाडू जातो तो भाकरीसाठी, हे बघणाऱ्यांना उमगत असे.

संस्थाने गेली तशी ही पद्धतही गेली. मग प्रांतांच्या नव्या सीमा आखल्या गेल्या, आणि इथे आपल्या जिल्ह्याची स्वतःची अदलाबदल येते. तिच्याकडे आपण कधी त्या नजरेने पाहत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके, आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले मात्र तिकडे गेली नाहीत. ती आंध्र प्रदेशात राहिली आणि आदिलाबाद जिल्ह्यात आली. १९५९ साली राजुरा नांदेडमधून काढून चांदा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला जोडला. २०१६ साली आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले तेव्हा मुधोळ-भैंसा निर्मलमध्ये गेले.

कागदावर पाहिले तर हाही एक ट्रेडच होता. तुम्ही किनवट-राजुरा घ्या, आम्ही मुधोळ-भैंसा ठेवतो. भाषेचे प्रमाण, नद्या, रस्ते असे हिशेब आयोगाने केले, सरकारांनी त्यात आपले हिशेब मिसळले. ज्यांची बहीण किनवटला दिलेली होती आणि शेत बोथकडे होते, त्यांना रातोरात दोन राज्यांचे पाहुणे व्हावे लागले. कुणी विचारले नाही. आपल्या मंडळातल्या कित्येक घरांची सोयरीक आजही किनवट, माहूर, वणी, राजुरा याच पट्ट्यात होते, ते काही उगाच नाही.

आणि खेळाचे काय झाले? हे पाहण्यासारखे आहे. १९५६ नंतर किनवटचा मुलगा चांगली गोलंदाजी करू लागला तर त्याची वाट नांदेडहून पुण्याकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या संघाकडे. राजुऱ्याच्या मुलाची वाट चंद्रपूरहून नागपूरकडे, विदर्भाच्या संघाकडे. विदर्भ १९५७–५८ पासून रणजीत वेगळा खेळतो. मुधोळच्या मुलाची वाट हैदराबादकडे. एकाच बोलीत शिव्या देणारी, एकाच आठवडी बाजारात चेंडू विकत घेणारी तीन मुले तीन संघांची झाली. गंमत अशी की राज्ये भाषेवर झाली, पण क्रिकेटने त्या सीमा मानल्या नाहीत. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ राहिले आणि आंध्र प्रदेशात हैदराबाद आणि आंध्र असे दोन. तेलंगणाचे वेगळे राज्य २०१४ साली झाले. रणजीत मात्र हैदराबादचा संघ आंध्रपासून पहिल्यापासूनच वेगळा होता.

त्या काळातही माणसे इकडून तिकडे जात होती, पण सावकाश, बदलीने किंवा नोकरीने. मुंबईत घडलेला विजय मोहनराज हैदराबादकडून खेळू लागला आणि १९८६–८७ च्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने द्विशतक ठोकले. हैदराबादने १९३७–३८ नंतर दुसऱ्यांदा रणजी करंडक मिळवला. आपल्यातल्या वयस्कर मंडळींना त्या वेळी रेडिओवर ऐकलेले धावफलक आठवत असतील. मुंबईचा गडी हैदराबादला जिंकून देतो याचा आपल्याला दुहेरी आनंद झाला होता, त्याचे दुःख कुणी केले नाही.

मग २००८ साली आयपीएल आली आणि गुणी माणूस नेण्याच्या जुन्या रिवाजाला बोली, करार आणि कॅमेरा मिळाला. आपल्या वाट्याला डेक्कन चार्जर्स हा संघ आला. त्यात रोहित शर्मा होता. हा मुलगा जन्माने नागपूरचा, वाढला मुंबईत, आई विशाखापट्टणमची, घरात तेलुगू कळणारे. सीके नायडूंची उलटीसुलटी आवृत्तीच म्हणा. ६ मे २००९ ला दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियनच्या मैदानावर याच रोहितने मुंबई इंडियन्सविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली. ६ धावांत ४ बळी. फलंदाज म्हणून ओळखला जाणारा रोहित, गोलंदाजी करून, मुंबईला हरवतो, आणि हैदराबादसाठी! आज मुंबईची निळी जर्सी घालून त्याच्यासाठी भांडणाऱ्या पोरांना हे सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही. त्याच महिन्यात ॲडम गिलख्रिस्टच्या नेतृत्वाखाली डेक्कन चार्जर्स विजेते झाले.

पुढच्या वर्षी तर नवलच झाले. तेलंगणाच्या आंदोलनामुळे २०१० चे हैदराबादचे सामने हलवावे लागले आणि डेक्कन चार्जर्सचे काही ‘घरचे’ सामने नागपूरला, जामठ्याच्या मैदानावर झाले. जामठा आहे वर्धा रोडवर, म्हणजे आदिलाबादेहून जो हमरस्ता जातो त्यावरच. हैदराबादचा संघ पाहायला आदिलाबादच्या माणसाने पैनगंगा ओलांडून महाराष्ट्रात जायचे! संघ स्वतःच घर सोडून आपल्या जवळ आला होता. मुलूख आणि संघ यांची सांगड किती सैल असते, ते आम्हाला त्या वर्षी कळले.

२०११ च्या लिलावात मुंबईने रोहितला २० लाख डॉलरला घेतले. २०१२ च्या हंगामाआधी प्रग्यान ओझाही ट्रेडमधून हैदराबादहून मुंबईला गेला. २०१२ नंतर डेक्कन चार्जर्स राहिला नाही, २०१३ पासून सनरायझर्स आला. त्या वेळी आपल्याकडे भांडण झाले का? फारसे नाही. ‘आपलीच पोरे आपल्याच मुंबईला गेली’ असे म्हणून आम्ही मोकळे झालो होतो. तेलुगू शेजाऱ्यांना काय वाटले, ते तेव्हा आम्हीही विचारले नाही.

ट्रेड हा लिलावापेक्षा वेगळा प्रकार. लिलावात खेळाडू उघड्यावर उभा असतो, जो जास्त बोलेल त्याचा. ट्रेडमध्ये दोन संघ बंद दाराआड बोलतात. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू देतात किंवा रोख रक्कम. खेळाडूची संमती लागते, पण परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी करण्याची त्याला मुभा नाही. २००९ साली असे पहिले मोठे सौदे झाले त्यात मुंबईच पुढे होती. रॉबिन उथप्पा बंगळूरला देऊन श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईने आणला, आणि आशिष नेहरा दिल्लीला देऊन शिखर धवन. दुसऱ्याच वर्षी राजस्थानच्या रवींद्र जडेजाने करार न वाढवता दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून त्याला २०१० च्या पूर्ण हंगामाची बंदी झाली. खेळाडूने केले तर बंदी, मालकांनी केले तर व्यवहार. नियम आहे म्हणतात, असेल. आम्हाला तो कधी सरळ वाटला नाही.

आता मूळ वादाकडे. हार्दिकला मुंबईनेच घडवले, हे दोन्ही बाजूंना मान्य होते. २०१५ साली १० लाखांना घेतलेला पोरगा सात हंगाम मुंबईत खेळला. २०२२ साली गुजरातने त्याला १५ कोटी आणि कर्णधारपद दिले, पहिल्याच वर्षी त्याने विजेतेपद मिळवले, दुसऱ्या वर्षी संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. मग परत. आमच्यातले एक निवृत्त मास्तर म्हणाले, ‘वेगळा निघालेला धाकटा भाऊ परत आला, आनंद आहे. पण आल्या दिवशीच तिजोरीच्या किल्ल्या?’ त्यावर पंगतीत वाढणाऱ्या एका काकूंनी त्यांना तिथल्या तिथे गप्प केले : ‘मास्तर, किल्ल्या त्यानं मागितल्या का बापानं दिल्या, ते आधी बघा.’

वादाचा सगळा जीव या दोन वाक्यांत होता. रोहितच्या बाजूचे म्हणत, कर्णधारपद हे मिळवायचे असते, सौद्यात घालून द्यायचे नसते. दहा वर्षे ज्याने संघ उभा केला त्याला सांगायची रीत तरी हवी होती. दुसऱ्या बाजूचे, त्यात दुकानदार जास्त, म्हणत की २०२० नंतर करंडक नाही, रोहित छत्तिशी गाठलेला, धंदा करणाऱ्याने पुढचे पाहू नये का? भावनेवर दुकान चालत नाही. एक तिसरा पक्षही होता, तो गुजरातकडे बोट दाखवत असे : आज मुंबईवाल्यांना राग येतो, पण ज्या संघाचा कर्णधार हंगामांच्या मधल्या काळात गेला त्या लोकांचे काय? याचे उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हते, कारण अहमदाबादचे लोक आम्हाला कधी लोक वाटलेच नव्हते, ते समोरचा संघ होते.

आणि मग २७ मार्च २०२४ आला. मुंबई इंडियन्स हैदराबादला, उप्पलच्या मैदानावर. आदिलाबादेतून गाड्या करून मुले गेली. सनरायझर्सने ३ बाद २७७ धावा केल्या. ट्रॅव्हिस हेड २४ चेंडूंत ६२, अभिषेक शर्मा २३ चेंडूंत ६३, क्लासेन नाबाद ८०. मुंबईने ५ बाद २४६ पर्यंत झुंज दिली. दोन्ही डावांत मिळून ५२३ धावा आणि ३८ षटकार. मुंबईकडून सर्वाधिक धावा कुणाच्या? तिलक वर्माच्या, ३४ चेंडूंत ६४. तो हैदराबादचा. आमचे तेलुगू शेजारी त्या रात्री हसत म्हणाले, ‘अन्ना, तुमच्या मुंबईला आमचाच पोरगा लागतो.’ खरेच होते. २०१० ते २०१७ अंबाती रायुडू होता, आता तिलक. आपण मुंबई मुंबई म्हणून जिच्यासाठी गळा काढतो, तिच्यात मराठी किती आणि हैदराबादी किती, हे मोजायला बसलो तर आपलीच पंचाईत होईल.

त्या सामन्यात हार्दिकची हुर्यो उडवली गेली. अहमदाबादेत ती आधी झाली होती, ते एक वेळ समजू शकतो. १ एप्रिलला वानखेडेवर झाली तेव्हा नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणावे लागले. पण हैदराबादच्या प्रेक्षकाचा यात काय संबंध? आमच्या मते तिथे चूक झाली, आणि तीत आपली मुलेही होती. राग येणे रास्त होते. रोहितला दिलेली वागणूक कोरडी होती, हे आम्ही आजही म्हणू. पण निर्णय घेणारे वातानुकूलित कक्षात बसले होते आणि शिव्या खाल्ल्या त्या मैदानात चेंडू घेऊन उभ्या असलेल्या माणसाने. हजारे बडोद्याला गेले तेव्हाच्या प्रेक्षकाला जे कळत होते, ते आपल्याला पैसे भरून तिकीट काढूनही कळू नये?

मुंबई त्या हंगामात दहा संघांत दहावी आली. १४ सामन्यांत ४ विजय. दोन्ही पक्षांना आपणच बरोबर होतो असे वाटले. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात १६ धावा वाचवायच्या होत्या. चेंडू रोहितने हार्दिकच्या हाती दिला. सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला आणि आपण ७ धावांनी जिंकलो. ४ जुलैला वानखेडेवर त्याच हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. मंडपातले मास्तर यावर काय म्हणतात याची वाट आम्ही पाहत होतो. ते म्हणाले, ‘गोलंदाजी चांगली केली. किल्ल्यांचं माझं म्हणणं तेच आहे.’ आम्हाला त्यांचे हे आवडले. माणूस जिंकला म्हणून आधीचा व्यवहार नीट होता, असे होत नाही.

अशा सौद्यांना नंतर खंड पडला नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात बंदीची शिक्षा भोगलेला तोच रवींद्र जडेजा, आता चेन्नईचा लाडका, संजू सॅमसनच्या बदल्यात पुन्हा राजस्थानला दिला गेला. पालघरचा शार्दूल ठाकूर लखनौहून मुंबईला आला आणि अर्जुन तेंडुलकर मुंबईहून लखनौला गेला. तेंडुलकर आडनावाचा गडी मुंबई सोडतो यावर मोठा गहजब होईल असे वाटले होते. आपल्याकडे दोन दिवसांत विषय संपला. सवय झाली म्हणायची.

क्रिकेटमध्ये इतका जीव जाळणारे आपण कबड्डीत मात्र किती समंजस असतो, याचे आश्चर्य वाटते. तसा हा आपल्या मातीतला खेळ. आपण हुतूतू म्हणतो, शेजारी चेडुगुडु म्हणतात, आणि गावच्या जत्रेत दोन्हीचे नियम सारखेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ साली यू मुंबाकडून प्रो कबड्डीत उतरला आणि पहिल्याच हंगामात चढाईचे दोनशेच्या वर गुण घेऊन गेला. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. मराठी गडी, तेलुगू संघ, आणि टोपणनाव ‘बाहुबली’. आपल्या घरातल्या सगळ्या खुर्च्या तेव्हा पहिल्यांदा एकाच बाजूला वळल्या. आजोबा सिद्धार्थसाठी, नातू टायटन्ससाठी. मुंबईचा माणूस हैदराबादने नेला म्हणून एकानेही तोंड वाकडे केले नाही.

१ मार्च २०२४ ला, म्हणजे उप्पलच्या त्या सामन्याआधी चारच आठवडे, प्रो कबड्डीचा अंतिम सामना हैदराबादेत गचिबावलीला झाला. तेलुगू टायटन्स त्या हंगामात तळाशी होते. पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांहून जास्त खर्चूनही २२ सामन्यांत दोन विजय. अंतिम सामन्यात पुणेरी पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवले. पुण्याचे ते पहिले विजेतेपद, आणि कर्णधार नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. त्या रात्री आमच्या गल्लीत तेलुगू आणि मराठी घरांतून मिळून दोन पेटी फटाके उडाले. दिवाळीतले उरलेले होते, थोडे सादळलेलेही होते, पण वाजले.